मामींसाठी थोडी ताकद

जगात दमलेला एकही जीव शिल्लक राहू नये, ही जबाबदारी आपल्याच डोक्यावर आहे असं मानून जगणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे असोद्याचे मामा. एकदा पारोळ्याच्या रस्त्यावर बंद पडलेल्या अनोळखी ट्रॅक्टरला त्यांनी स्वतःच्या मोटारसायकलची बॅटरी काढून दिली. मग ती मोटारसायकल मी ढकलत होतो आणि मामा बाजूने चालत मला धीर देत होते.

अशा माणसाच्या घरातच मामींचं हृदय थकलं. बाहेरच्या ओट्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जाताना त्या दोनदा बसायच्या. त्यांना पाहायला गेलो तेव्हा पुण्यात शिकणारी माझी मुलगी सहज बोलून गेली, की पेशीत ताकद तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात, आणि प्रयोगशाळेत मूळपेशी आपले हे कण शेजारच्या थकलेल्या पेशीला देताना दिसतात. मामांच्या हातातला चहा निवला. मामा केळी पिकवणारे; घड उतरवला तरी असोद्यात आईचा, म्हणजे जुन्या झाडाचा, खांब लगेच तोडत नाहीत. त्याचं सत्त्व बुडाशी वाढणाऱ्या पिलाला मिळतं. मामांना सगळं विज्ञान तिथेच कळलं, आणि मला वाटतं, जरा जास्तच कळलं.

तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, उपाशीपोटी, मामींना न सांगता ते मला धुळ्याच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. काढून घ्यायचं ते आजच घ्या, म्हणाले.

"माह्यातल्या पेशी घ्या. दोन जिने चढतो मी अजून, दमल्याबिगर."

बाई हसल्या नाहीत. हे अजून बरंचसं प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच चाललंय, मामींच्या आजारावरचा उपचार झालेला नाही, कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्या नादी लागू नका, असं त्यांनी शांतपणे समजावलं. किती दिवस लागतील, मामांनी विचारलं.

"आबा, खरं सांगते, मला माहीत नाही."

परतीच्या बसमध्ये धीर द्यायची पाळी माझी होती, आणि मला ते काम कधीच जमलेलं नाही.

घरी येऊन त्यांनी मामींना सगळं कबूल केलं. मामींनी विचारलं,

"दोघंबी दमलो असतो, त चहा कोनं केला असता?"

मामा उठून स्वयंपाकघरात गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच गेले असावेत, कारण साखर कुठे असते इथपासून सुरुवात होती. मामी ओट्यावरून सांगत होत्या, दर दोन शब्दांनी थांबत, श्वास घेत. आणि आयुष्यात एका जागी कधी न थांबलेले मामा आत, रिकामं पातेलं हातात धरून, पुढच्या शब्दाची वाट पाहत उभे होते.