कागदाची राखण

“दगडाला पाय फुटतात,” असं आत्या उठता-बसता म्हणायची. दगड म्हणजे तिच्या शेताच्या हद्दीवरचा. तिचा नवरा गेला तेव्हा शेत तिच्याकडे आलं ते नुसतं तोंडी. कागद कुठंच नव्हता. शेजारचं शेत दिराचं. बांधावर माणूस दिसलं नाही की दगड आत्याच्या बाजूला सरकायचा. भाऊजी म्हणायचे, पावसानं सरकला असेल, वहिनी. दगड चढावर नेणारा पाऊस आत्यानं तेवढाच पाहिला.

आत्या दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबायची, म्हणून बांधावर बसायचं काम तिच्या मुलीकडे. चार वर्षं ती बसली. दहा वर्षांची झाली तरी दुसरीतच होती. गुरुजी विचारायला आले की आत्या म्हणायची, शाळा काही जागची हलत नाही.

मग सरकारी मोजणी झाली. चारही कोपऱ्यांत नंबराचे दगड पुरले. हद्द अकरा पावलं भाऊजींच्या बाजूला गेली आणि आत्याच्या नावाचा शिक्का मारलेला कागद घरात आला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मुलीची वाट पाहिली. ती आली नाही. ती घरात ट्रंकेवर बसली होती. ट्रंकेत कागद होता.

महिनाभर ती तशीच बसली. शेवटी गुरुजी घरी आले आणि म्हणाले, याची नोंद कचेरीत आहे, हा जळला तरी दुसरा मिळतो. आत्यानं तीनदा विचारून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. स्वतः कचेरीत गेली, दुसरा कागद मागून आणला आणि दोन्ही मुलीपुढे ठेवले.

“वाच. सारखेच आहेत का बघ.”

मुलीनं बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. आईचं नाव दोन्हीकडे निघालं. तोवर चुलीवरचं पाणी उकळून आटलं.

“आणि खाली काय लिहिलंय?”

“खालचं मला येत नाही.”

आत्यानं दोन्ही कागदांच्या घड्या घातल्या.

“ऊठ त्या ट्रंकेवरून,” ती म्हणाली.

सकाळी मुलगी शाळेत गेली. आत्यानं दाराला कडी घातली, खुरपं घेतलं आणि कामाला निघाली. वाटेवरच्या तिच्या शेतात चिटपाखरू नव्हतं. पलीकडे भाऊजी हात मागे बांधून उभे होते.

“लक्ष असू द्या हो, भाऊजी,” एवढं म्हणून ती चालू लागली. मागे वळून तिनं पाहिलं नाही. ती वळणाआड होईपर्यंत भाऊजी नंबराच्या दगडाशेजारी उभे राहून बघत होते.