अण्णांचा दरवर्षीचा ठराव

अण्णा गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. माहेरच्या ग्रुपवर त्यांचा फेट्यातला फोटो आला, खाली जोडलेल्या हातांची चित्रं धडाधड पडायला लागली आणि त्यातच कुणीतरी लिहिलं, ‘रोजंदारी भगिनींचा कैवारी हरपला.’ दाणे करपू नयेत म्हणून आधी कढई उतरवली, हात पुसले आणि तो संदेश परत वाचला. रडू आलं नाही. राग आला. त्याला आता सहा आठवडे होत आले. या काळात गावात शोकसभा झाली, चौकात फलक लागला, आणि अण्णांचं नाव एखाद्या रस्त्याला द्यावं असंही कुणी सुचवलं. राग मात्र होता तिथेच आहे. माणूस गेल्यावर चांगलंच बोलावं असं सगळे म्हणतात. चांगलं बोलणारे पुष्कळ झाले, तेव्हा माझी तिथे गरज नाही.

अण्णा माझे चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत ते चार वेळा निवडून आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच पालिकेत मी सभा लिपिक होते. म्हणजे सभेची विषयपत्रिका काढायची, कोण काय बोललं ते टिपायचं, ठराव टाइप करायचे आणि कुणी मागितलं तर त्याची नक्कल ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून, सही करून द्यायची. नोकरी मी परीक्षा देऊन मिळवली होती. पण गावात आजही समज आहे की अण्णांनी मला चिकटवलं. त्यांच्यासमोर कुणी तसं म्हटलं की ते नुसते हसायचे. ‘नाही’ म्हणायचे नाहीत. न केलेल्या कामाचं श्रेय कुणी आपणहून देत असेल तर हात पुढे करायचा नाही, पण मागेही घ्यायचा नाही, ही त्यांची रीत.

ज्या ठरावामुळे ते कैवारी ठरले तो असा. रस्ते झाडणाऱ्या एकोणीस बायका पालिकेत वर्षानुवर्षं रोजंदारीवर होत्या. त्यांना कायम करावं, असा ठराव अण्णा दरवर्षी मांडायचे आणि तो दरवर्षी एकमतानं मंजूर व्हायचा. आता, पदं मंजूर करणं पालिकेच्या हातात नाही, ते सरकारचं काम. हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून ठराव झाला की मुख्याधिकारी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहायचे, ‘सदर ठराव नियमबाह्य असल्याने स्थगिती मिळावी,’ आणि महिना-दीड महिन्यात सोलापूरहून स्थगिती यायची. ठराव आणि त्याला मारणारं पत्र, दोन्ही मीच टाइप करायची. खरं तर पत्र आधी. मागच्या वर्षीचं काढायचं, तारीख बदलायची. सभा दुपारी असायची, आणि सभेच्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या टेबलाशी येऊन, घरच्या लाडक्या नावानं हाक मारत, हळूच विचारायचे, “सुने, सायबाचं पत्र तयार हाय न्हवं?” मी ‘आहे’ म्हटलं की शर्टाची बाही सारखी करायचे आणि ठराव मांडायला आत जायचे. टाळ्या मला बाहेर ऐकू यायच्या.

एका रविवारी त्यांच्या घरी जेवताना मी सरळ विचारलं, “अण्णा, जे होणारच नाही ते पास कशाला करता?” वहिनींनी माझ्याकडे डोळे वटारले. अण्णा मात्र खूश झाले. असं विचारणारं त्यांना कुणी भेटत नसावं. “आगं, हुणार न्हाय म्हणून तर पास हुतंय,” ते भाकरी मोडत म्हणाले. “समोरच्या बाकावरचे बी हात वर करत्यात, ते काय त्या बायांचे मामा लागून गेले? सोलापूरचा सायब अडवणार हे ठावं हाय म्हणून हात वर. उद्या सायब अडवणार न्हाय असं कळू दे, मग बघ किती हात ऱ्हात्यात ते.” मी म्हटलं, “मग तुमचा तरी राहील का?” त्यावर ते वहिनींना म्हणाले, “हिला अजून कालवण वाढ, लई बोलाया लागली.” वहिनी हसल्या. मीही हसले, हे कबूल करायला हवं. मग अण्णाच पुढं बोलले, “हे बघ, बाया माज्या दारात येत्यात. त्यांना न्हाय म्हणायला माजी जीभ रेटत न्हाय. मी व्हय म्हणतो. न्हाय म्हणायला सरकारनं मोठमोठी माणसं पगारावर ठेवल्यात की.”

त्यांची चांगली बाजूही लिहायला हवी, नाहीतर उद्या भाऊबंद म्हणतील की हिनं लपवलं. त्या एकोणीस घरांतलं एकही लग्न किंवा मयत अण्णांनी चुकवली नाही. नागव्वाचा नवरा आजारी पडला तेव्हा ते स्वतः त्याला घेऊन सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात दिवसभर रांगेत बसले होते. बायका त्यांना मानत होत्या ते उगाच नाही. पण रांगेत बसणं आणि एखाद्याचं आयुष्य टांगून ठेवणं, दोन्ही एकच माणूस करू शकतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

नागव्वा मूळची दुधनीकडची, घरात कन्नड, गावात मराठी. बाजारपेठेचा रस्ता तिच्याकडे होता. एका वर्षी ठराव झाल्यावर तिनं माझ्याकडून त्याची नक्कल मागून घेतली आणि काचेची चौकट करून घरात देवाशेजारी लावली. सूचक म्हणून अण्णांचं नाव, खाली माझा शिक्का आणि सही. “लेकराबाळांनी वाचावं की बाई,” ती म्हणायची. शिक्का मारणं माझं काम होतं, आणि नक्कल खरीच होती…

मग ते वर्ष आलं. नवे मुख्याधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातले, तरुण, पहिलीच नेमणूक. मी नेहमीप्रमाणे स्थगितीचं पत्र सहीसाठी ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि बाजूला सारलं. “मॅडम, काम रोजचं आहे, बायका इतकी वर्षं करताहेत. मी स्थगिती कशाला मागू? ठराव जोडून सरकारकडे पदांचा प्रस्ताव पाठवू या.” त्यांनी खरोखर प्रस्ताव करायला घेतला. एकोणीस जणींचे हजेरीचे कागद मागवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या ठरावाची फाईल कपाटातून निघून टेबलावर आली.

त्याच आठवड्यात नागव्वा माझ्याकडे आली. हायवेवर नवा खाजगी दवाखाना निघाला होता. तिथे आया म्हणून कायम नोकरी मिळत होती, भविष्यनिर्वाह निधीसकट. वयाची अट चाळीस. नागव्वाला एकोणचाळिसावं चालू होतं. “बाई, जाऊ का थांबू? तुमी सांगाल तसं.” इतकी वर्षं मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी टेबलावर ती फाईल उघडी होती, आणि मी म्हटलं, “थांब.” एवढाच शब्द. ती थांबली.

दहा-बारा दिवसांनी अण्णा माझ्या टेबलाशी आले. सभेचा दिवस नव्हता. चेहरा उतरलेला. “सुने, सायबाचं पत्र गेलं न्हाय म्हणं?” मी म्हटलं, “नाही गेलं. या वेळी होईल तुमचं काम. पेढे काढा.” ते खुर्चीत बसले. कुणी ऐकत नाही ना हे बघून म्हणाले, “चेष्टा करू नगंस. ह्या एकोणीस झाल्या की उद्या पाणीवाले येतील, दिवाबत्तीवाले येतील. आनि ह्या कायम झाल्या की माज्या दारात कशाला येतील गं कुणी?” हे शेवटचं वाक्य ते माझ्याशी बोललेच नव्हते, स्वतःशी बोलले होते. मग म्हणाले, “एक अर्ज टाइप करून दे, जिल्हाधिकाऱ्याला.” मी नाही म्हटलं. ते उठून गेले.

स्थगिती आली. सोबत ज्याच्यावरून ती आली त्या तक्रार अर्जाची प्रत होती. सही अण्णांच्या मेहुण्याची. मेहुण्याला चार ओळी धड लिहिता येत नाहीत, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. अर्जात मात्र ‘सभागृहाने भावनेच्या भरात घेतलेला निर्णय’ असलं छापील वाक्य होतं. आणि हजेरीपटातल्या अशा दोन चुका दाखवल्या होत्या, ज्या सभागृहात बसणाऱ्यालाच माहीत असणार. आपल्याच ठरावाला अण्णांनीच मागून खाली खेचलं होतं. पुढच्या सभेत ते उभे राहिले आणि सोलापूरच्या अधिकाऱ्यांना गरिबांची कशी कदर नाही यावर तावातावानं बोलले. ते भाषण मी शब्दन् शब्द टिपून घेतलं, कारण तेही माझंच काम होतं. वर्षभरात मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. दवाखान्यातली जागा केव्हाच भरली होती, आणि नागव्वाची चाळिशी उलटली.

मी अण्णांच्या घरी गेले. वहिनींसमोरच विचारलं, “तिचं काय करायचं आता?” अण्णा शांत होते. “सुने, तू तिला थांब म्हणायला नको हुतंस. मी इतकी वर्षं राजकारण केलं. कुणालाबी थांब म्हणलो न्हाय. जा बी म्हणलो न्हाय. मंजूर केलं, एवढंच म्हणलो.” ते खरं बोलत होते, म्हणूनच मी तिथं एक मिनिट थांबले नाही. त्यानंतर आम्ही लग्नकार्यात भेटलो, पण बोललो नाही. पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन सोलापूरला आले. नागव्वाला मात्र यातलं काही सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी, माहेर, सगळंच पणाला लागलं असतं, असं तेव्हा वाटलं. आज ती सबब वाटते.

शोकसभेला गेले नाही. पण मागच्या आठवड्यात एसटीनं गावी जाऊन थेट नागव्वाच्या घरी गेले. ती आता ठेकेदाराकडे आहे. रस्ता तोच, झाडू तोच, पगार देणारा बदलला. अण्णांचा विषय तिनंच काढला. “देवमाणूस गेला बाई. त्येनं तरी पास केलं हुतं की. सोलापूरचा सायबच वंगाळ.” देवाशेजारी चौकट होती. काच पुसलेली. माझी निळी सही उन्हानं जवळजवळ उडाली होती, अण्णांचं नाव तेवढं काळं कुळकुळीत.

मी सगळं सांगितलं. सकाळी तयार असलेलं पत्र, मेहुण्याचा अर्ज, आणि मी तोंड बंद ठेवलं तेही. ती ऐकत बसली. मध्ये एकदाच म्हणाली, “तवा का न्हाय सांगितलंसा?” माझं सांगून झाल्यावर तिनं चौकट काढली, माझ्यापुढं धरली. वाचता तिला येत नाही. “ह्यात अण्णांचं नाव कुटं हाय?” मी बोट ठेवलं. “आनि तुमचं?” मी बोट ठेवलं. तिनं वाकून दोन्ही पाहिलं.

मग म्हणाली, “आता सांगताय ते बी लिवून द्या. तोंडी नगं बाई. तोंडी अण्णा बी लई ग्वाड बोलायचे. आनि खाली सही करा, उडणार न्हाय आशी.”

म्हणून हे लिहिलं, आणि सही उडू नये म्हणून छापायला पाठवलं. छापून आलं की कात्रण घेऊन ये, असं तिनं बजावलं आहे. अण्णांची चौकट तिनं परत खिळ्याला लावली आहे, पण जरा सरकवून. शेजारी एका चौकटीची जागा ठेवली आहे.