ओल्या पुठ्ठ्याची चव

माझ्या नवऱ्याची बिअर कधीच चांगली झाली नाही. हे मी त्याच्या तोंडावर म्हणत होते, त्यामुळे आता म्हणायला हरकत नाही. ओहायोतल्या डब्लिनला घर घेतल्यापासून दाराजवळच्या कोटांच्या कपाटात त्याची पांढरी प्लास्टिकची बादली बसलेली असायची. थंडीत तिच्याभोवती माझी जुनी शाल. झाकणावर एक छोटी नळी, तिच्यात थोडं पाणी. आतला वायू त्यातून बुडबुडत बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. एवढी सोय करून हा गडी दिवसातून चारदा झाकण उघडायचा आणि नाक आत घालायचा.

मी डोशाचं पीठ आंबायला ठेवते ते ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून. ओहायोच्या थंडीत दुसरा इलाज नाही. पण एकदा ठेवलं की सकाळपर्यंत तिकडे फिरकत नाही.

"अरे, झाकण उघडू नकोस," मी सांगायचे.

"बिअर म्हणजे डोसा नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

दर वसंतात इथे घरी बिअर करणाऱ्यांची स्पर्धा असते. परीक्षक प्रत्येक बाटलीबरोबर शेऱ्यांचा एक कागद परत देतात. त्याच्या कागदावर कधी जास्त कडू, कधी पातळ असं काहीबाही असायचं, पण शेवटची ओळ दर वर्षी तीच: ओल्या पुठ्ठ्यासारखी चव, हवा लागली असावी. त्याने जव बदलले, यीस्ट बदललं, पाणी बदललं, नवा थर्मामीटर आणला. झाकण उघडायची सवय तेवढी बदलली नाही. "एकदा तरी चांगला कागद आणणार बघ," म्हणायचा. मी प्रत्येक वेळी एक घोट घेऊन तोंड वाकडं करायचे. त्यावरही तो हसायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी त्याने नवी बादली भरली. बुधवारी ऑफिसमधून निघताना गाडीत बसला आणि तिथेच गेला. हार्ट अटॅक.

पुढच्या दिवसांबद्दल फारसं सांगता येणार नाही, कारण मला काही वाटतच नव्हतं. फॉर्मवर सह्या केल्या. त्याचा लॅपटॉप ऑफिसात परत दिला. लोक भाजी-पोळी आणत. मी डबे घासून, पुसून ज्याचे त्याला परत करत होते. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, हे अगदी अचूक लक्षात राहायचं. रडू येत नव्हतं आणि ते येत नाही याची काळजीही वाटत नव्हती. माझा कोट बाहेर खुर्चीवरच असायचा, म्हणून कपाट उघडावं लागलं नाही.

कॉलेजहून आलेल्या मुलीला बादली दिसली. "आई, जस्ट थ्रो इट आउट."

"राहू दे," मी म्हटलं. फेकायची तर आधी उचलावी लागली असती.

दीड महिन्याने त्याचा ऑफिसमधला मित्र आला, मूळचा पुण्याचा. दोघांना हे वेड एकत्रच लागलं होतं. "वहिनी, खराब झाली असेल ती. मी बकेट क्लीन करून ठेवतो," म्हणाला. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि वाकून पुन्हा एकदा घेतला.

"ही स्पॉइल नाही झालीये. बॉटल करू?"

"कर."

स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून आम्ही बाटल्या भरल्या. मी धरत होते, तो भरत होता. पुढे एप्रिलमध्ये मित्राने फोन केला, माझ्या नवऱ्याच्या नावाने स्पर्धेला एन्ट्री पाठवू का म्हणून. हो म्हटलं, कारण नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

कागद घेऊन तो घरी आला. नंबर वगैरे आला नव्हता. चव स्वच्छ, शेवटपर्यंत ताजी, असं लिहिलं होतं. पुठ्ठा कुठेच नव्हता. तळाशी परीक्षकाच्या अक्षरात एक ओळ होती: या वेळी जे बदललंत, ते कायम ठेवा.

"वहिनी, काय चेंज केलं होतं यार त्याने?" मित्राने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "दीड महिना कोणी झाकण उघडलं नाही."

मित्र गेल्यावर मी कागद पुन्हा वाचला. इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगत होते, ते माझंच खरं निघालं होतं, आणि 'मी म्हटलं होतं ना' म्हणायला समोर माणूस नव्हता. तेव्हा मला राग आला, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. त्या परीक्षकाचा, त्या स्वच्छ चवीचा, माझ्या शहाणपणाचा. मला पुठ्ठ्याच्या चवीचीच बिअर हवी होती.