डॅशबोर्डवरचा लाल दिवा

माझी धाकटी नणंद गाड्यांची वायरिंग दुरुस्त करते. बारा वर्षं एकाच गॅरेजमध्ये. तिथे तिला सगळे ‘मिरची’ म्हणतात, उगाच नाही.

त्या मंगळवारी ती भरदुपारीच घरी आली. मी तिचा गॅरेजने दिलेला कामाचा डगला धुवायला काढला होता. बाहीवर रक्ताचा डाग होता, पत्र्याने बोट कापल्याचा. तिने बूट असा भिरकावला की तो बादलीत पडता पडता राहिला.

“वहिनी, मालकाने ती पांढरी गाडी विकली.”

“समोरून ठोकलेली?”

“तीच. स्टिअरिंगमधली एअरबॅग फुटलेली. नवी शुक्रवारी यायची होती.”

फुटलेल्या बॅगेच्या जागी तिने नखाएवढा रेझिस्टर जोडला होता. बाकीची वायरिंग तपासताना ती तसंच करते. गाडीला वाटतं बॅग जागेवर आहे, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो, मग दुसरीकडचा दोष सापडतो. मात्र स्टिअरिंगला चिठ्ठी बांधायची, ‘बॅग नाही’. ही चिठ्ठी बांधायची ती विसरली. बारा वर्षांत पहिल्यांदा. जेवून परत येईपर्यंत गाडी गेलेली.

“मालक काय म्हणाला?”

“म्हणाला, दिवा विझलाय ना, मग झालं. बाई हळू चालवते म्हणे. नर्स आहे ती. घरोघर बाळंतिणी बघत फिरते.”

माझं डोकंच फिरलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. तसल्या जुन्या गाड्यांच्या एअरबॅगेत सोडियम अझाइड भरलेलं असतं. धडक बसली की आत ठिणगी पडते, अझाइडचं विघटन होतं आणि पापणी लवायच्या आत पिशवी नायट्रोजनने फुगते, आपल्या श्वासातल्याच वायूने. मागे उरणारा जहाल सोडियम सोबतच्या भुकट्या पकडतात, त्याची काचेसारखी राख होते. हे सगळं एकदाच. धुराच्या नळीतला उत्प्रेरक वेगळा. त्याच्यावरून विषारी धूर जातो, बदलतो, आणि तो स्वतः वर्षानुवर्षं तसाच राहतो. मालकाला सगळंच तसं हवं असतं. एकदा आणलं की राबवत राहायचं. माझ्या नणंदेलाही.

ती पुन्हा बूट घालू लागली. विक्रीच्या पावतीवरचा नर्सचा पत्ता तिने तळहातावर लिहून आणला होता.

“जरा कोमट हो, मग जा,” मी म्हटलं. “धुण्याच्या पावडरीतले एन्झाइमसुद्धा उकळत्या पाण्यात निकामी होतात. रक्ताचा डाग मग निघत नाही, पक्का बसतो.”

“तुझे एन्झाइम तुझ्यापाशी ठेव. चल.”

नर्स दारातच होती, किल्ली हातात.

“ताई, गाडी काढू नका. यात एअरबॅग नाही.”

“दिवा तर लागत नाही.”

“तो मीच विझवलाय.”

नणंदेने बॅटरीची तार काढली, उरलेला करंट उतरेपर्यंत थांबली, स्टिअरिंगचं झाकण उघडून रेझिस्टर ओढून काढला. तार परत जोडून किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, तो लागलेलाच राहिला.

नर्स पांढरीफटक पडली. “माझी लेक पुढे बसते. तुम्ही माणसं आहात की कोण?”

आता नणंद मालकाचं नाव घेईल म्हणून मी वाट पाहिली. ती म्हणाली, “चिठ्ठी बांधली नाही, चूक माझी. विकली का, ते त्याला विचारा. गाडी मी चालवते, तुम्ही मागे बसा.”

गॅरेजमध्ये मालक हसत पुढे आला. नर्सने दिव्याकडे बोट दाखवलं.

“वायरिंगचं काहीतरी असेल,” तो म्हणाला. “ही बघेल.”

नणंदेने त्याच्या टेबलावर रेझिस्टर ठेवला. “बघितलं.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

“शुक्रवारी येणार. बॅग बसवायला.”

शुक्रवारी नर्स शेजारी उभी राहिली, नणंदेने नवी बॅग बसवली, आणि डगला मालकाला परत केला. घडी मीच घातली होती, धुतलाही मीच. बाहीवरचा डाग तेवढा उकळत्या पाण्यात घालून पक्का केला होता.