लोणकर सरांचं लिंबू

पुन्हा शालच. दिलीपभाऊ, गौरव समितीचे सचिव म्हणून तुम्हाला फोनवर तीनदा सांगून झालं, आता छापायलाच लिहून देतो. लोणकर सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, ते निवृत्त होत आहेत. त्यांना शाल नको, केंद्रातली त्यांची खोली राहू द्या. तुम्ही म्हणाले, "राग बाजूले ठेव, दोन शब्द चांगले लिही." चांगलेच लिहितो. राग त्यातच येईल.

मी दहावी नापास. पुलगावच्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात पहिल्यांदा आलो तो शिकायला नाही, ठेकेदारासोबत वायर ओढायला. सरांनी हातातलं बंडल पाहून विचारलं, "ही तार कायच्यासाठी हाये, माहीत हाये काय?" मी म्हटलं, "मले मीटरच्या हिशेबानं पैसे भेटते." सर हसले नाहीत. "मंग संध्याकाळी येजो. तार काय बोलते ते सांगतो." फी कधी घेतली नाही.

सरांचं काम थोडक्यात असं. मोठ्या इमारतीत धुराची घंटा, धूर बाहेर फेकणारे पंखे, एसी, सगळ्यांचे कंट्रोलचे डबे एका तारेवर असतात आणि आळीपाळीनं बोलतात. धुराचा निरोप पंख्यापर्यंत किती वेळात पोचेल, हे सर कॉम्प्युटरात खोटी इमारत उभारून आधीच मोजतात. आमच्या डोक्यात ते शिरेना, तेव्हा त्यांनी वीस पोरांना व्हरांड्यात पंगतीसारखं बसवलं आणि एक लिंबू दिलं. ज्याच्या हाती लिंबू, तो बोलेल आणि पुढे देईल. सर घड्याळ धरून उभे. मधल्या राजूच्या कानात ते म्हणाले, "तू मेला समज. हात पुढं करू नको." लिंबू तिथंच अडकलं. शेजारचा आंजी गावचा संतोष ते धरून बसूनच राहिला.

"पुढच्याले दे ना," सर म्हणाले.

"सर, पंगतीत माणूस ओलांडून वाढत नाई."

"अन् आग लागली तं पंगत जळू देतं काय?" मग सावकाश म्हणाले, "ओलांडाचंच. पण आधी इचाराचं, वाट पाहाची, उत्तर नाईच आलं तं ओलांडाचं. किती थांबाचं, तेच आपण मोजून राह्यलो."

आता मी चेन्नईत हेच काम करतो. मागच्या वर्षी आमच्या इमारतीत धुराच्या चाचणीला पंखे उशिरा लागत होते. इंजिनिअर म्हणे, पंखेच बदला. मी सरांना फोन केला. रविवारी सर सायकलनं केंद्रात गेले, मी सांगितलेले सगळे डबे खोट्या इमारतीत बसवले आणि कळवलं, "डब्यांचे नंबर सोडून सोडून देले तुम्ही. रिकाम्या नंबरांले हाका मारण्यातच तारेचा वेळ जाऊन राह्यला. ओळीनं नंबर दे." दिले. पंखे वेळेवर लागले. शाबासकी इंजिनिअरला मिळाली. मी फोनवर भडकलो, तर सर म्हणतात, "पंखा लागला ना? तिथं माणसं झोपतेत. जाऊ दे."

सर, तुमचं हे 'जाऊ दे' मला कधी पटलं नाही. निवृत्तीच्या दिवशीच समिती तुमची खोली रिकामी करून पाहुण्यांसाठी सजवणार, कॉम्प्युटर आणि टेबलावरचे डबे भंगारात, यावरही तुम्ही तेच म्हणाले. मी विचारलं, "मंग आमी फोन कोणाले कराचा?"  तुमच्याकडून उत्तर आलं नाही, असं ते पहिल्यांदाच झालं.

दिलीपभाऊ, तुम्हीही त्या पंगतीत होते. राजू खोटा मेला होता, तरी संतोषला ओलांडवलं नाही. सर तर जिवंत आहेत, आजही शिकवून राह्यले, आणि तुम्ही त्यांना विचारलंसुद्धा नाही.

सरांनी शंभरी पाहावी. गुडघे सायकलपुरते धड राहावे, आणि रविवारी फोन त्यांनीच उचलावा. शालीच्या वर्गणीत माझं नाव धरू नका. स्टेशनजवळ संतोषनं एक गाळा पाहून ठेवला आहे, सरांचं सगळं सामान तिथं जाईल. त्याचं तीन महिन्यांचं भाडं आज पाठवून राह्यलो: साडेसात हजार रुपये.