भास्करची लाज पुसू नका

भास्करची मुलगी मंजू हिचा फोन आला तेव्हा मी आमच्या कारखाना-वसाहतीतल्या सेक्टर ६ च्या बाजारात भाजी घेत होतो. "काका, बाबा उठून नाही राहिले..." एवढेच ती बोलली. पिशवी तिथेच टाकून मी स्कूटर काढली. भास्करचा आणि माझा स्नेह अर्ध्या आयुष्याचा. मी कारखान्यात फोरमन होतो आणि तो डॉक्टर, वसाहतीलगतच्या रिसालीत त्याचा दवाखाना. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी मी तिथे जात असे, ते केवळ त्याच्याशी वाद घालायला.

त्याचे दिवसकार्य झाल्यावर गावातल्या डॉक्टर मंडळींनी शोकसभा घेतली. भास्करच्या फोटोमागे भलामोठा फलक होता आणि त्याच्या तळाशी एका औषध कंपनीचे नाव. चहा-नाश्ताही त्यांचाच. त्या फलकापुढे उभा राहून प्रत्येक वक्ता सांगत होता की डॉक्टरसाहेबांनी जन्मात कोणाचे साधे पेनही घेतले नाही. मग मी उठलो आणि म्हणालो, "घेत होता. सगळे घेत होता, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे." कोणीतरी कुर्ता ओढून मला खाली बसवले. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी 'त्यांचं वय झालंय' असे माइकवरूनच सांगून टाकले. माझे वय झाले आहे, हे मान्य. माझ्या स्मरणशक्तीचे झालेले नाही. संध्याकाळी मंजूचा फोन आला. "मेलेल्या माणसासंगही भांडून राहिले तुम्ही, काका? कावून?" हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

भास्कर घेत होता. दवाखान्यातला फ्रिज कंपनीचा होता, भिंतीवरचे घड्याळ कंपनीचे होते, आणि परिषदेच्या नावाखाली सहकुटुंब गोव्याची सहलही झाली होती. मी टोमणा मारला की तो हसायचा. "अरे नारायण, पेनानं माणूस विकल्या जाते का?" कंपन्यांचे प्रतिनिधी आणून देत त्या नमुन्याच्या गोळ्या तो गरिबांना फुकट वाटायचा, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. या एका बाबतीत मीही त्याला मानत असे.

शेवंताबाई ही भंडाऱ्याकडची विधवा, रिसालीत चार घरची धुणीभांडी करायची. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या भास्कर कितीतरी महिने फुकट देत राहिला. पुढे नमुने येणे थांबले आणि त्याने सवयीने तीच गोळी कागदावर लिहून दिली. तेच औषध दुसऱ्या नावाने फार स्वस्त मिळत होते, दुकानदारानेही तिला तसे सांगितले. पण डॉक्टरांच्या हातची गोळी सोडायला ती तयार नव्हती. परवडेना म्हणून ती एक दिवसाआड घेऊ लागली. एके सकाळी मोरीतच पडली आणि तिची उजवी बाजू गेली. आम्ही दोघे तिला पाहायला गेलो, तेव्हा त्या बाईने, वाकड्या झालेल्या तोंडाने, त्याचीच माफी मागितली. "रोज नाही घेऊ शकली, साहेब... रागावू नका."

परतताना त्याने मला स्कूटर थांबवायला सांगितली. तो उतरून रस्त्याच्या कडेला पाठमोरा उभा राहिला. मग म्हणाला, "फुकट गोळी मी तिले देल्लीच नव्हती, नारायण. मी तिले गिऱ्हाईक करून कंपनीले देल्लं."

त्यानंतर कंपनीचा माणूस त्याने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. फ्रिज विकून टाकला. आणि हे तो लपवीत नव्हता. डॉक्टरांच्या प्रत्येक बैठकीत उठून शेवंताबाईची हकिकत स्वतःच्या नावानिशी सांगायचा. लोक घड्याळे बघायचे, बाहेर जाऊन हसायचे. आज तेच लोक म्हणतात, त्याने कधी काही घेतलेच नाही. म्हणजे ज्या गोष्टीची त्याला लाज वाटली ती गोष्टच घडली नाही, आणि त्याच्या लाजेने कोणी अस्वस्थ व्हायचेही कारण उरले नाही. संतपद देऊन त्याला गप्प केले आहे, हे मी खपवून घेणार नाही.

इथवर लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी मंजूला वाचून दाखवावे म्हणून परवा दवाखान्यात गेलो. आता त्या खुर्चीत डॉक्टर म्हणून तीच बसते. मी शिरलो तेव्हा कंपनीची बॅग घेतलेला एक तरुण नमस्कार करून बाहेर पडत होता. माझ्या नजरेचा अर्थ तिने ओळखला. "बाबांची सभा केली त्यायनं, काका. चार दिवस धावपळ केली. आता त्यायले या नका कसं म्हणू?" मी काही बोलण्याआधी तिने माझा रक्तदाब पाहिला. वाढला होता. तिने खणातून गोळ्यांची एक पट्टी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि दोन्ही हातांनी माझी बोटे त्या पट्टीवर मिटवली. हुबेहूब भास्कर. रोग्याला औषध देताना तो अशीच मूठ मिटवून द्यायचा आणि क्षणभर धरून ठेवायचा.

"माझा राग गेला नाही अजून," ती म्हणाली, "पण गोळ्या रोज घ्या. घरचेच आहात तुम्ही."

पट्टीवर 'डॉक्टरांसाठी नमुना, विक्रीसाठी नाही' असे छापलेले मला बोटांच्या फटीतून दिसत होते. लेख खिशात होता. तिचे हात उबदार होते... मी "बरं, बेटा" म्हणालो आणि मूठ तशीच मिटलेली घेऊन बाहेर आलो.