शालनकाकूंचा ओढा

"ओ पावणं, जाळं कुठं लपवलंय?"

शालनकाकू माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. शिरोळ तालुक्यातल्या शाळेवर माझी नुकतीच बदली झाली होती. ओढ्याच्या मोरीवर मोटरसायकल थांबवून मी पाणी बघत होतो, तर उसातून काकू खुरप्यासकट बाहेर आल्या. मी मास्तर आहे हे सांगितलं, तरी त्यांनी डिकी उघडून बघितली. मग म्हणाल्या, "चला, च्या घ्या. राग मानू नका. मास्तर बी धरल्यात मी हितं."

काकूंचे यजमान लवकर गेले. एकुलती मुलगी सुनीता कबनूरला दिलेली. ओढ्याकाठचा ऊस त्या एकट्याच बघायच्या. मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कालवण उकळलं की वास माझ्या खोलीपर्यंत यायचा आणि मागोमाग वाटीही यायची. पण आखाडात, जेव्हा घरोघरी मटण-मासे शिजायचे, तेव्हा काकूंच्या चुलीवर शेंगांची आमटी. कारण त्याच दिवसांत कृष्णेतले मासे अंडी घालायला ओढ्यात चढतात, आणि मोरीच्या तोंडाशी लोक जाळी, मच्छरदाण्या, काठ्या घेऊन उभे राहतात. काकू बांधावरून ओरडायच्या, "पोटुशी बाई दारात आली तर बसाय पाट देतासा, आन् हितं कोयता घिऊन हुबं व्हय रं?"

लोक हसायचे. थोडे परत जायचे, बरेचसे जायचे नाहीत.

एका आखाडात जावई दीपक दोन मित्रांना घेऊन आले. कबनूरला त्यांचे यंत्रमाग होते. माणूस कष्टाळू, हौशी. मी त्या दिवशी काकूंकडेच होतो. दीपकनी काकूंच्याच पाण्याच्या मोटारीच्या पेटीतून वायर काढली, वेळूला बांधली आणि ओढ्यात सोडली. बघता बघता पाणी पांढरं झालं. मोठे मासे, बोटाएवढी पिल्लं, बेडूक, सगळे पोट वर करून तरंगू लागले.

काकू धावत गेल्या आणि खटका पाडला.

"मामी, चार मासं तर हायत," दीपक हसत म्हणाले.

"चार? ही पिल्लं बघा की. पुढच्या साली काय चढणार हाय, तुमची वायर?" काकू म्हणाल्या. "पावणं, पोरगी दिली तुमास्नी. वढा न्हाय दिला."

मित्र खाली बघू लागले. दीपक ताटावर न बसताच गाडीला किक मारून गेले. संध्याकाळी सुनीताचा फोन आला, "आई, चार माणसांत त्यांची लाज काढलीस."

त्या वर्षी सुनीता दिवाळीला आली नाही, आणि काकूंनी चकलीचा सोऱ्या खाली काढला नाही. "फोन तरी करा," मी म्हणालो.

"करून काय म्हणू? चुकलं म्हणू? चुकलं न्हाय. आन् दुसरं काय बोललं तर तिला तितं बोलणी बसत्यात."

पुढच्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गावात शिरलं. काकूंच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा टेम्पो घेऊन दीपकच आले. "चला मामी," एवढंच बोलले. काकूही मुकाट्यानं बसल्या. पूर ओसरला, पण ओलीत राहून काकूंचे गुडघे धरले होते. सुनीतानं त्यांना ठेवूनच घेतलं. शेत दीपक बघू लागले. माफी कुणी मागितली नाही, कुणी ती मागायलाही लावली नाही.

आमची शेवटची भेट कबनूरलाच झाली, पुढच्या आखाडात. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत काकू गेल्या. भेटीच्या दिवशी मागांचा खडखडाट इतका, की खाटेवर बसलेल्या काकू मला ओरडून काहीतरी विचारत होत्या आणि मला ऐकूच येत नव्हतं. दीपक उठले आणि त्यांनी माग बंद केले.

"मासं चढलं का, मास्तर?"

खोटं सांगवेना. म्हणालो, "थोडे चढले, काकू. अगदी बारीक आहेत."

"बारीक असूंदेत," त्या म्हणाल्या, "चढलं न्हवं?"